आहार, चयापचय आणि स्मृती : उंदरांवरील प्रयोग काय सांगतात?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सव हा एका अर्थाने स्मृतीचाच उत्सव असतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी संस्थेची पायाभरणी केली, त्यांपैकी जे हयात आहेत त्यांच्या मुखातून त्या दिवसांच्या आठवणी ऐकण्याचा योग अशा प्रसंगी येतो. 'स्मरणिका' हा शब्दही स्मरणातूनच जन्मला आहे. म्हणूनच मनुष्याची स्मृती कशाने टिकते, कशाने क्षीण होते आणि ताटातील अन्नाचा तिच्याशी काय संबंध आहे, या प्रश्नाचा विचार या व्यासपीठावरून होणे उचित ठरेल.

विषय शास्त्रीय असला तरी त्याची सुरुवात घरातच होते. जेवण होऊन अर्धा तासही लोटलेला नसतो आणि घरातील वडीलधारी व्यक्ती विचारते, "आज मला कोणी जेवायला वाढले नाही का?" प्रथम सर्वांना हसू येते, मग राग येतो आणि काही महिन्यांनी भीती वाटू लागते. दुकानाचे हिशेब ज्यांना तोंडपाठ असत त्या गृहस्थांना नातवाचे नाव आठवेनासे होते. पूर्वी लोक याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देत. वैद्यकशास्त्र त्यास स्मृतिभ्रंश म्हणते आणि तो वार्धक्याचा अटळ भाग नसून मेंदूचा आजार आहे, असे सांगते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जण, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत.

आजाराची ओळख

स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डॉ. अलॉइस अल्झायमर हे जर्मन वैद्य होते. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट नावाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. स्वतःचे नाव ती सांगू शके, परंतु पतीचे नाव विचारले असता पुन्हा स्वतःचेच नाव सांगे. १९०६ मध्ये तिचे निधन झाल्यावर डॉ. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. त्यात दोन गोष्टी आढळल्या : पेशींच्या बाहेर साचलेले पुटांसारखे डाग आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. हे डाग 'बीटा अमायलॉइड' या प्रथिनाचे आणि तो गुंता 'टाउ' या प्रथिनाचा असतो, हे पुढे कित्येक दशकांनी उलगडले.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के असते, परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा सुमारे पाचवा भाग एकटा मेंदू वापरतो. ही ऊर्जा मुख्यतः रक्तातील ग्लुकोजमधून मिळते. अल्झायमरच्या रुग्णांत स्मृतीशी संबंधित भागांकडून ग्लुकोजचा वापर मंदावलेला असतो, हे विशेष चित्रणतंत्राने दिसून आले आहे. अन्नाचे ऊर्जेत रूपांतर करणारी जी अखंड क्रिया शरीरात चालते तिला चयापचय म्हणतात. या क्रियेतील बिघाड हे स्मृतिभ्रंशाचे कारण आहे की परिणाम, हा शास्त्रज्ञांपुढील मोठा प्रश्न होता. जिवंत माणसाचा मेंदू उघडून त्याचे उत्तर शोधता येत नाही. म्हणून विज्ञान मुक्या प्राण्यांकडे वळले.

उंदराच्या मेंदूत माणसाचा आजार

उंदराला निसर्गतः अल्झायमर होत नाही. त्याचे आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचे. १९९६ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. कॅरेन शाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वीडिश कुटुंबात आढळलेला दोषयुक्त मानवी जनुक उंदरांमध्ये घातला. हे उंदीर नऊ-दहा महिन्यांचे होईतो त्यांची शिकण्याची व लक्षात ठेवण्याची शक्ती घटली आणि त्यांच्या मेंदूत अमायलॉइडचे डाग दिसू लागले. २००३ साली कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे तीन दोषयुक्त जनुके असलेली जात तयार झाली. तिच्या मेंदूत डागही होतात आणि टाउचा गुंताही.

उंदराला आठवते की नाही, हे कसे ओळखावे? त्यासाठी रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडलेली पद्धत जगभर वापरली जाते. एका गोल हौदात गढूळ पाणी भरतात. पाण्याच्या पृष्ठभागाखाली न दिसणारा एक छोटा चौथरा असतो. पाण्यात सोडलेला उंदीर पोहत-पोहत चौथरा शोधतो आणि त्यावर चढून विसावतो. भोवतालच्या खुणा पाहून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सरळ तिकडे जाऊ लागतो. स्मृती हरपलेला उंदीर मात्र रोज नव्याने शोधत राहतो. घरचा रस्ता विसरलेल्या वृद्धाची अवस्था यापेक्षा वेगळी नसते.

अतिरेकाचा परिणाम

२००४ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेत या उंदरांना अतिस्निग्ध आहार देण्यात आला. त्यांच्या शरीराने इन्सुलिनला दाद देणे कमी केले, ज्याला इन्सुलिन-रोध म्हणतात. त्याचबरोबर मेंदूतील अमायलॉइड वाढले आणि हौदातील चौथरा शोधणे त्यांना अधिक अवघड झाले. या संबंधाचा एक दुवाही हाती लागला. इन्सुलिनचे विघटन करणारे एक विकर शरीरात असते. तेच विकर बीटा अमायलॉइडचाही निचरा करते. अतिस्निग्ध आहारावरील उंदरांत या विकराचे कार्य मंदावलेले आढळले.

२००७ साली अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी अशाच दुसऱ्या जातीच्या उंदरांना नेहमीच्या आहारासोबत साध्या पाण्याऐवजी साखरेचे पाणी प्यायला दिले. सहा महिन्यांच्या आतच त्यांची स्मृती साधे पाणी पिणाऱ्या उंदरांहून अधिक खालावली. सणावाराचे गोडधोड आणि दिवसातून चार-पाच वेळा घेतला जाणारा गोड चहा ज्या घरांत नित्याचा आहे, तेथे या प्रयोगाचा विचार अवश्य व्हावा.

संयमाचा परिणाम

कमी खाण्याचे संशोधन याहून जुने आहे. १९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पोषक द्रव्यांत उणीव येऊ न देता अन्नाचे प्रमाण कमी ठेवलेले उंदीर अधिक काळ जगतात. २००७ साली मार्क मॅट्सन यांच्या गटाने तीन दोषयुक्त जनुके असलेल्या उंदरांचे गट केले. एकाला पोटभर अन्न, दुसऱ्याला ४० टक्के कमी अन्न आणि तिसऱ्याला एक दिवस अन्न व एक दिवस उपवास. कित्येक महिने हा क्रम चालला. पुढे हौदातील परीक्षेत कमी अन्नाचे आणि दिवसाआड उपवासाचे, असे दोन्ही गट पोटभर खाणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. विशेष म्हणजे कमी अन्नाच्या गटात अमायलॉइड व विकृत टाउ घटले होते, पण उपवासाच्या गटात ते घटले नव्हते; तरीही त्यांची स्मृती टिकली. डाग तेवढेच असूनही मेंदूची सहनशक्ती वाढली असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला.

ज्या परंपरेत अनशन आणि ऊनोदरी यांना बाह्य तपात स्थान आहे, तिला हे ऐकून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथेच थांबणे सत्याला धरून होणार नाही. २०२० साली बेलग्रेड येथील संशोधकांनी पाच दोष असलेल्या, म्हणजे ज्यांत आजार फार वेगाने वाढतो अशा उंदरांवर दिवसाआड उपवासाचा प्रयोग केला. तेथे परिणाम उलट झाला. मेंदूतील दाह वाढला आणि चेतापेशींची हानी अधिक झाली. तोच उपवास एका जातीला तारक आणि दुसऱ्या जातीला मारक ठरला. एकाच वस्तूला अनेक बाजू असतात, हे अनेकांताचे शिक्षण लाभलेल्या श्रोत्यांना वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

रात्रीचे भोजन आणि निशाचर उंदीर

२०२३ साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे आणखी एक लक्षणीय प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात उंदरांचे अन्न कमी केले नाही. केवळ खाण्याची वेळ दिवसाच्या चोवीस तासांपैकी सहा तासांपुरती मर्यादित केली. या उंदरांची झोप सुधारली, मेंदूतील अमायलॉइड कमी झाले आणि स्मृतीच्या परीक्षेत ते सरस ठरले.

चौविहार पाळणाऱ्या घरांत हा प्रयोग लगेच दाखल्यादाखल सांगितला जाईल. मात्र त्यातील एक बारकावा नजरेआड होता कामा नये. उंदीर निशाचर प्राणी आहे. त्याचे ते सहा तास रात्रीच्या अंधारातले होते! जागृतीच्या काळात अन्न घ्यावे आणि विश्रांतीच्या काळात पोटालाही विश्रांती द्यावी, एवढाच बोध त्यातून निघतो. मनुष्य दिवसा जागा असतो, म्हणून त्याने दिवसा जेवावे, हे अनुमान सयुक्तिक आहे. ती सिद्धता नव्हे. शिवाय व्रताचा आधार श्रद्धा आणि अहिंसा हा आहे. त्याला उंदराच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

उंदरापासून माणसापर्यंत

प्राण्यात जे घडते ते माणसात घडेलच असे नाही, याचे बोलके उदाहरण घरोघरी असलेल्या हळदीचे आहे. हळदीतील कर्क्युमिन दिल्याने उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइड घटते, असे २००१ साली लॉस एंजलिस येथे दिसून आले. जगभर आशा पल्लवित झाल्या. अल्झायमरच्या रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मात्र कोणताही लाभ आढळला नाही. पोटात गेलेल्या कर्क्युमिनपैकी फारच थोडे रक्तात उतरत होते. हळद स्वयंपाकात असावीच. तिच्या महागड्या गोळ्या स्मृतीचे औषध म्हणून घेण्यास मात्र आधार नाही.

उपवासाबाबतही प्रमाण लक्षात घ्यावे लागते. उंदराच्या प्रत्येक ग्रॅम वजनामागे चयापचयाची गती माणसाच्या सुमारे सातपट असते. त्याचा एक दिवसाचा उपवास माणसाच्या एका दिवसाच्या उपवासाहून कितीतरी कठोर असतो. म्हणून उंदराचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून आजोबांना लागू करणे धोक्याचे आहे.

माणसांवरील चाचण्या काय सांगतात? फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० व्यक्तींपैकी निम्म्यांना दोन वर्षे समतोल आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख यांचा एकत्रित लाभ देण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची बौद्धिक क्षमता तुलनेच्या गटापेक्षा चांगली राहिली. अमेरिकेतील २,१११ व्यक्तींवरील अशाच चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली आले आणि त्यांनीही याच दिशेने कौल दिला. याउलट केवळ विशिष्ट आहार देऊन ६०४ व्यक्तींवर तीन वर्षे केलेल्या चाचणीत, तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक आढळला नाही, असे २०२३ साली जाहीर झाले. एकट्या आहाराने चमत्कार होत नाही. आहार, हालचाल, सत्संग आणि आरोग्याची देखरेख ही चारही चाके एकत्र फिरावी लागतात.

शाकाहारी घरांसाठी एक सूचना

आहारात जसे अतिरेकाचे दोष आहेत, तसे उणिवेचेही आहेत. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्यातील अभ्यासात ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्के जणांत ब-१२ ची पातळी कमी आढळली आणि शाकाहारींत हे प्रमाण अधिक होते. इटलीतील संशोधकांनी २००८ साली अल्झायमरच्या उंदरांना ब-१२, ब-६ आणि फोलेट नसलेला आहार दिला, तेव्हा त्यांच्या मेंदूतील अमायलॉइड वाढले.

येथे सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, ब-१२ च्या अभावाने होणारा विसराळूपणा वेळीच ओळखला तर बऱ्याच अंशी भरून निघू शकतो. रक्ताची एक साधी तपासणी आणि शाकाहार न सोडता घेता येणाऱ्या गोळ्या वा इंजेक्शने, एवढ्यावर काम होते. ज्या वृद्धाला 'आता वयच झाले' म्हणून कोपऱ्यातील खाटेवर बसवले जाते, त्याला कदाचित केवळ ही तपासणी हवी असते. ती न करणे ही नकळत घडणारी उपेक्षा आहे. वृद्धाच्या वाट्याला आलेले ते दुःख टाळता येण्याजोगे होते, हे मागाहून कळणे घरच्यांसाठी अधिक दुःखाचे ठरते.

वयानुसार विवेक

२०२४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे बदलण्याजोगे १४ घटक सांगितले. त्यांत मधुमेह, उच्च रक्तदाब, स्थूलता, वाढलेले कोलेस्टेरॉल, व्यायामाचा अभाव, कमी ऐकू येणे आणि एकाकीपणा यांचा समावेश आहे. हे सर्व घटक दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांबाबत आजार टाळता वा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे.

या साऱ्यातून वयानुसार विवेकाचा मार्ग दिसतो. चाळिशी-पन्नाशीत संयमाला महत्त्व आहे. मिताहार, गोड व तळलेल्या पदार्थांवर ताबा, नित्य चालणे आणि रक्तातील साखरेची तपासणी यांची ती वेळ होय. पंचाहत्तरीनंतर पोषणाला महत्त्व येते. वृद्धापकाळी नकळत घटणारे वजन हे कित्येकदा स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना असते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या ज्येष्ठाने वैद्यांना न विचारता उपवास केला तर साखर एकाएकी उतरते आणि तिचा आघात मेंदूवरच होतो. पर्युषणातील तपाचा निर्णय घेताना घरच्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांची स्मृती हरपली आहे, त्यांनी किती उपवास केले याची गणनाच त्यांना राहत नाही. अशा वेळी त्यांना प्रेमाने चार घास भरवणे आणि व्रताची जबाबदारी त्यांच्या खांद्यावरून अलगद उतरवणे, हे कुटुंबाचे कर्तव्य ठरते.

मुक्या प्राण्यांचे ऋण

शेवटी एका प्रश्नाला सामोरे जाणे भाग आहे. या प्रयोगांतील उंदरांच्या मेंदूची तपासणी त्यांचा जीव घेतल्यावरच होते. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्याने अशा ज्ञानाचा स्वीकार कसा करावा? या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही, आणि तो टाळणेही योग्य नाही. विज्ञानाच्या जगातही ही टोचणी आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या वेदना घटवाव्यात. भारतात १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. २०१४ साली बोस्टन येथे मानवी चेतापेशी काचपात्रात वाढवून त्यांत अमायलॉइडचे डाग आणि टाउचा गुंता निर्माण करण्यात यश आले. २०२३ साली भारताच्या औषध-चाचणी नियमांतही प्राण्यांऐवजी अशा पद्धती वापरण्यास वाव देण्यात आला. समाजातील जे तरुण विज्ञानाकडे वळत आहेत, त्यांना करुणेचे हे क्षेत्र खुले आहे आणि संस्थेच्या शिष्यवृत्त्यांना यापेक्षा सार्थ विनियोग सापडणे कठीण.

जे प्रयोग होऊन गेले ते मागे घेता येत नाहीत. त्यांचे ऋण मात्र फेडता येते. त्या जिवांनी जे दाखवले ते फुगवून सांगू नये, सोयीचे तेवढेच उचलू नये आणि कळलेले आचरणात आणल्यावाचून राहू नये. निष्कर्ष दडपले वा वाढवून सांगितले गेले की तेच प्रयोग पुन्हा होतात आणि पुन्हा तितकेच जीव जातात. म्हणून सत्य मोजून-मापून सांगणे हीदेखील अहिंसाच होय.

आज घरी परतल्यावर प्रत्येकाने घरातील ज्येष्ठांजवळ घटकाभर बसावे. त्यांचे वजन घटले आहे का, ब-१२ आणि साखर तपासली आहे का, त्यांना नीट ऐकू येते का, दिवसभरात त्यांच्याशी कोणी बोलते का, हे पाहावे. त्यांच्या आठवणी त्यांच्यापाशी आहेत तोवर त्या ऐकून घ्याव्यात. संस्थेच्या पन्नास वर्षांचा खरा दस्तऐवज तोच आहे.

जय जिनेंद्र!